खाजणातल्या चौकोनबाई

बाई कधी 'नाही' म्हणत नसत. 'दिसलं नाही' म्हणत. आगाशीच्या त्यांच्या घरी भावजयीने आतून विचारले, "वन्सं, डब्यात साखर आहे का हो?" तर बाई डबा उघडून पाहत आणि सांगत, "मला दिसली नाही." भावजय बिचारी इतक्या वर्षांत सरावली होती. ती म्हणायची, "म्हणजे संपली. मग संपली म्हणा की सरळ." त्यावर बाई शांतपणे म्हणत, "दुसऱ्या डब्यात असेल. मी एकच डबा बघितला."

कॉलेजात त्या आम्हाला संख्याशास्त्र शिकवत, तेव्हाही हेच. हजेरी घेताना नंबराला उत्तर आले नाही, तर आमचे दुसरे सर गैरहजर असे म्हणून पुढे जात. बाई मान वर करून वर्गभर नजर फिरवत आणि मगच पेन टेकवत. आम्ही हसायचो. हसण्यासारखेच होते ते. 'नाही' हे जगाबद्दलचे विधान आहे आणि 'दिसलं नाही' हे बघणाऱ्याबद्दलचे, हा फरक मला त्या वयात कळला नाही. पुढे औषधांच्या गोदामात मालाची मोजदाद करायची नोकरी लागली, आणि मागच्या फळीवर राहिलेले खोके 'नाही' म्हणून लिहून दोनदा बोलणी खाल्ली, तेव्हा कळला.

बाई निवृत्त होऊन आगाशीला भावाच्या वाडीत राहत होत्या. केळी, पानवेली, थोडा सोनचाफा. लग्न केले नव्हते. संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारच्या मुलींना गणित सांगावे, एवढाच उद्योग. मी तुळिंजला राहायला गेलो होतो, पण माझे मूळ घर गासचे. तिथल्या खाजणाच्या भानगडीमुळे माझी आणि बाईंची पुन्हा गाठ पडली.

खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून अडवलेली सखल जमीन. आमच्या गासच्या खाजणात एके काळी भात व्हायचे. मग बांध फुटला, तो कुणी नीट केला नाही, आणि मधला भाग पाणकणसांनी, म्हणजे पुरुषभर उंच पाणगवताने, भरून गेला. त्या पाणकणसांत रानमांजरे राहतात. आमच्याकडे त्यांना बाऊल म्हणतात. घरच्या मांजरापेक्षा उंच, पिंगट, लांब पायांचे, कानाच्या टोकाला केसांचा बारीक झुपका. कोंबडी गेली की लोक त्याला शिव्या घालत, आणि नाही गेली की विसरून जात. ह्या खाजणात भराव घालून गोदामे आणि ट्रकांचा तळ करायचा, असे ठरले आणि अचानक बाऊल महत्त्वाचे झाले.

ह्याचे कारण माझा चुलतभाऊ दत्तूदादा. त्याचे घर आणि शेत खाजणाला लागून. भराव पडला की पावसाचे पाणी त्याच्या दारात येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. गावकऱ्यांची समिती झाली, दादा तिचा अध्यक्ष. मी आकडेमोडीचा म्हणून मला ओढले आणि मी बाईंना ओढले. आमच्या हिला हे पटले नव्हते. "घरच्या टाकीत टँकरचं पाणी किती पडलं ते आधी मोजा," ती म्हणाली, "मग गावची मांजरं मोजायला जा."

पहिल्याच बैठकीत बाईंनी दादाला विचारले, "तुमची भीती पाण्याची आहे, मग अर्ज मांजरांचा का?"

"बाई, पान्याचा अर्ज देऊन देऊन आमचे हात दुखले," दादा म्हणाला. "मानसाच्या घरात पानी शिरलं तर कोन इचारत नाय. जनावराचं नाव काढलं की सायेब निदान चष्मा लावतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं. मग नीट मोजू."

समितीने आधीच मोजली होती. बांधावरच्या चिखलातले ठसे मोजून पोरांनी चाळीस बाऊल असा आकडा काढला होता, आणि तो मोबाइलवरून सगळ्या तालुक्यात फिरत होता. बाईंनी समितीला रविवारी आगाशीला पोह्यांना बोलावले. आम्ही गेलो तर अंगणभर चुलीतली राख चाळून पसरलेली, आणि तिच्यावर मांजरांच्या पावलांची नुसती जत्रा. बाई ओट्यावरून म्हणाल्या, "आत येऊ नका. आधी सांगा, किती मांजरं?"

मंडळी वाकून वाकून पाहू लागली. ठसा लहान, ठसा मोठा, हा कडेने गेला, हा परतला. शेवटी दादाने निकाल दिला, "सात. कमी धरली तर सहा."

बाईंनी दाराशी झोपलेल्या मनीकडे बोट दाखवले. "एक. काल संध्याकाळपासून ही एकटी हिंडतेय."

मंडळी राखेकडे आणि मनीकडे आळीपाळीने पाहू लागली. पण मग बाईंनीच कोपऱ्यातल्या खांबाला बांधलेला कॅमेरा सोडून आणला. समोरून काही गेले की आपोआप फोटो काढणारा तो कॅमेरा. त्यांनी फोटो पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. मनीखेरीज एक दांडगा बोका पहाटे अंगण ओलांडून गेला होता. "मीही चुकले," त्या म्हणाल्या. "दोन. मी एक म्हणाले, कारण मला आमची मनीच माहीत होती." दादाला एवढा आनंद झाला की त्याने पोहे दोनदा मागून घेतले. मला वाटते, त्या दिवशी समितीने बाईंना आपले मानले ते त्यांच्या हुशारीमुळे नाही. त्या चुकल्या आणि चहा गाळायच्या आत तसे बोलल्या म्हणून.

पुढे हे कॅमेरे खाजणात लागले. कुणाकुणाकडून मागून आणलेले, दोन तर बिघडलेले. पोरांना वाटले, आता सुटलो. फोटो मोजले की झाले. बाईंनी तिथेही पाणी ओतले. तुंगारेश्वरच्या डोंगरातला बिबट्या कॅमेऱ्यात आला की ओळखता येतो, त्याच्या अंगावरचे ठिपके दुसऱ्या कुणासारखे नसतात. बाई म्हणत, "बिबट्या ओळखपत्र गळ्यात घालून फिरतो. आपलं बाऊल बिनओळखपत्राचं. दहा फोटोंत दहा बाऊल असतील, नाहीतर एकच दहा वेळा भूक लागून आलं असेल." म्हणून त्यांनी खाजणाच्या नकाशावर सारखे चौकोन आखले, आणि ठरवले की मांजरे मोजायची नाहीत, चौकोन मोजायचे. कोणत्या चौकोनात बाऊल येते आणि कोणत्यात दिसत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर बांबू रोवून लाल फडकी बांधली. साडीचा काष्टा, पायात भावाचे गमबूट, हातात बांबू, अशी साठी उलटलेली बाई बांधावरून जाताना पाहून गावाने नाव ठेवले, चौकोनबाई. त्यांना ते कळले होते. "बरोबर आहे," म्हणाल्या, "गोल काही जमत नाही मला."

ती फेरी आम्ही कार्तिकात केली. सगळ्या चौकोनांना माणसे आणि कॅमेरे पुरेनात, म्हणून बांधालगतचे, पोचायला सोपे, तेवढेच घेतले. फोटो भरपूर आले. आम्ही खूश होतो. बाईंनी जागांसकट सगळी माहिती नियमाप्रमाणे सरकारी कचेरीत दिली.

मग गोदामवाल्यांनी नेमलेली सल्लागार मंडळी आली. त्यांचा मुख्य एक तरुण, सभ्य आणि मेहनती होता. उगाच वाईट लिहिणार नाही. तुलना सरळ व्हावी म्हणून त्याने बाईंच्याच जागा घेतल्या, तेवढेच दिवस कॅमेरे ठेवले. आणि त्याला जवळजवळ काही मिळाले नाही. अहवालात त्याने लिहिले की येथे रानमांजरांचा कायम वास नाही, अधूनमधून एखादे येत असावे. पद्धत तीच, जागा त्याच, कॅमेरे आमच्यापेक्षा चांगले. बोट ठेवायला जागा नव्हती.

दादा बाईंच्या ओट्यावर येऊन बसला. "बाई, आता आपला चाळीसचा आकडा काढा बाहेर. त्यांनी शून्य म्हनायचं, आपन चाळीस म्हनायचं. सायेब मधलं कायतरी धरंल."

"चाळीस खोटे आहेत, दत्तूभाऊ."

"आनि त्यांचं शून्य खरं आहे?"

"ते मला अजून माहीत नाही."

"तुमाला माहीत होईपर्यंत माझ्या ओटीवर मासं पोहतील." दादा उठला. जाता जाता म्हणाला, "तुमी आमच्या बाजूनं की त्यांच्या, तेवढं एकदा सांगून टाका." बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुभाष, ह्यांना घरी सोड. अंधार व्हायला लागलाय."

त्या आठवड्यात मी कंटाळलो होतो. नोकरी, तुळिंजची वर्दळ, पाण्याचे टँकर, वर ही मांजरे. समितीच्या गटावर रोज कुणीतरी बाईंच्या नावाने टोमणे टाकत होते, आणि मी ते वाचून मोबाइल पालथा ठेवत होतो. एका शुक्रवारी सकाळी मी अंघोळीला निघालो, तर बाईंचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अरे, मार्गशीर्ष!"

"काय झालं बाई?"

"काल आमचं उद्यापन झालं ना. आज वहिनीने बोंबील तळले, आणि महिनाभर न दिसलेली मनी पानाशी येऊन बसली. मी म्हटलं, ही होती कुठे? तर वहिनी म्हणते, अहो, दर मार्गशीर्षात ती पलीकडे मारियाकडे राहायला जाते. आपल्याकडे मासळी बंद, त्यांच्याकडे चालू. ती काय उपास करणार?"

मला अजून कळले नव्हते.

"सुभाष, बांधाच्या टोकाला आपल्या आळीतल्या बायका मासळी साफ करतात. खवलं, डोकी, सगळं तिथंच टाकतात. माझे कॅमेरे त्याच्याच आजूबाजूला होते, कारण जायला सोपं. मार्गशीर्षात त्या आळीत कुणी मासळी आणली नाही. त्या मुलाचे कॅमेरे रिकाम्या ताटासमोर बसले." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आणि माझे भरल्या ताटासमोर. आयुष्यभर तुम्हाला नमुना कसा घ्यावा ते शिकवलं. आणि मी मांजरं मोजली ती पंगतीत बसून."

त्या मुलाला हे सुचले नसते, तो परगावचा होता. पण बाई स्वतः महिनाभर मासळीला शिवल्या नव्हत्या, मार्गशीर्षाचे गुरुवार धरले होते, आणि तरी त्यांना सुचले नाही. हेच त्यांना फार लागले. आम्ही दुसऱ्या दिवशी गासच्या ख्रिस्ती आळीत गेलो. तिथल्या रेजिना मावशींच्या परसापलीकडे खाजणाची कड. बाईंनी विचारले, "गेल्या महिन्यात इकडे बाऊल दिसलं का हो?"

"दिसलं का काय विचारता?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "नाताळची सुकी मासळी मी कौलावर टाकली होती, तिथूनसुद्धा नेली. तुमचे उपास आणि भोगायचं आम्ही!"

बाई मोठ्याने हसल्या. त्या तशा हसलेल्या मी फार थोड्या वेळा पाहिल्या आहेत.

सरकारी कचेरीत सुनावणी लागली. दादाला वाटत होते, आता बाई त्या तरुणाचा अहवाल फाडून टाकतील. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही अहवाल फाडले, आपला आधी. ठशांवरून काढलेले चाळीस चूक आहेत, आमची कार्तिकाची फेरी फुगलेली आहे, ह्यांची मार्गशीर्षाची फेरी बसलेली आहे, आणि दोन्हींचे कारण एकच, मासळी. साहेबांनी चष्मा लावला. त्यांच्या टेबलावर अशा किती फायली होत्या कोण जाणे.

"मग बाई, खरी मांजरं किती?"

"ते सांगता येणार नाही."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"किती ते नाही सांगता येणार साहेब, पण कुठे ते सांगता येईल. मला फाल्गुनापर्यंत वेळ द्या. आणि ह्या मुलाला माझ्याबरोबर द्या."

का कोण जाणे, साहेबांनी वेळ दिला. बाहेर आल्यावर दादा रिक्षा करून एकटाच निघून गेला.

या वेळी बाईंनी चौकोन सोयीने निवडले नाहीत. नकाशावरच्या सगळ्या चौकोनांच्या चिठ्ठ्या केल्या, त्या भावजयीच्या पिठाच्या डब्यात टाकल्या आणि रेजिना मावशींना काढायला लावल्या. चिठ्ठी निघेल तो चौकोन घ्यायचा, मग तो कुठेही असो. बऱ्याच चिठ्ठ्या पाणकणसांच्या आतल्या निघाल्या. तिथे कुणी जात नसे. मांडीपर्यंत गाळ, वर डास, हाताला पाती कापत. तो सल्लागार मुलगा एकदा छातीपर्यंत रुतला आणि त्याला बांबूने ओढून काढावे लागले. वर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, इथे कुणी कॅमेरा लावत नाही." बाई म्हणाल्या, "म्हणून तर इथे कुणाला काही दिसलं नाही." दादा समितीवर रुसला होता, पण आम्हाला आत न्यायला होडी त्याचीच होती, आणि ती तो रोज न बोलता बांधाला आणून लावत होता.

फाल्गुनात चित्र स्पष्ट झाले. बाऊल बांधावर फक्त जेवायला येत होते. राहत होते मधल्या दाट चौकोनांत. एका चौकोनात मोडून पडलेल्या पाणकणसांच्या ढिगावर आई आणि तिच्यामागे अडखळणारी पिल्ले, असा फोटो मिळाला. बाईंनी तो डोळ्यांजवळ धरून खूप वेळ पाहिला. तो मुलगाही पाहत होता. अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या. आकडा त्यात नव्हता. कुठल्या चौकोनांत वावर आहे, कुठे पिल्ले आहेत, आणि पद्धतीत काय काय कच्चे आहे, एवढेच होते. कच्च्या गोष्टींचे पान सगळ्यांत लांब होते.

साहेबांनी तो अहवाल मानला. मधला भाग राखायचा, भराव तिथे घालायचा नाही, असा हुकूम निघाला. गोदामे आणि ट्रकतळ कडेला सरकवायचे, जिथे बाऊल फारसे राहत नाही. कडेला म्हणजे दत्तूदादाच्या शेताला लागून.

हुकूम मी बाईंना वाचून दाखवला. त्यांनी नकाशा मागितला. दादाच्या बाजूच्या चौकोनांवरून बोट फिरवले. ते चौकोन आमच्या कागदावर रिकामे होते, आणि खरोखरच रिकामे होते. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मी म्हणालो, "बाई, आपण खोटं काही लिहिलं नाही." त्या म्हणाल्या, "हो. तेच तर."

भराव पडला, आणि त्या वर्षी आषाढात दादाच्या घरात पाणी शिरले. फार नाही, पण शिरले. गावात लोक बोलत होते की मांजरांची घरे वाचवली आणि माणसाचे बुडवले. मी दादाकडे जायचे टाळत होतो. बाईंचा फोन आला, "मला दत्तूभाऊंकडे घेऊन चल." गुडघे तेव्हा त्यांना फार त्रास देत होते. मी म्हणालो, पाऊस ओसरू दे. "ओसरल्यावर जाऊन काय बघायचं?" त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो तेव्हा घरात घोट्याएवढे पाणी होते. दादाच्या बायकोने धान्याच्या गोणी एका खाटेवर चढवल्या होत्या. दादा दारातच उभा होता. मला वाटले, आता हा बोलेल. बोलायचा त्याला हक्क होता. त्याने बाईंच्या हातातली छत्री घेतली, मिटली, खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "या बाई. खाटंवर बसा. पाय वर घ्या, पानी थंड आहे."

बाई बसल्या. साडीचे ओले काठ त्यांनी पिळले. मग बाई म्हणाल्या, "दत्तूभाऊ, तुमच्याकडे बाऊल राहतं असं मला लिहिता आलं असतं. एक फोटो इकडचा तिकडे केला असता तरी चाललं असतं."

"मना माहीत आहे," दादा म्हणाला. "मीच तसा इचार केलता. होडीत कॅमेरा माझ्या पायाशी असायचा, बाई. मंग म्हनलं, बाईंनी सोताचं खोटं सायबापुढं सांगितलंन. आता मी काय घालू त्यात?" आणि घरात ओरडला, "अगो, च्या टाक बाईंना!"

चहा होईपर्यंत बाई दाराच्या चौकटीकडे पाहत होत्या. निघताना त्यांनी माझ्याकडून खडू मागितला. माझ्याकडे कुठला खडू? दादाच्या बायकोने चुलीतला कोळसा दिला. बाईंनी वाकून चौकटीवर पाण्याच्या रेषेशी खूण केली. वाकताना त्यांना किती दुखले ते त्यांच्या श्वासावरून कळले. पुढे त्या पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसाला दादा खूण करी आणि फोनवर बाईंना सांगे. मांजरांसाठी त्यांनी शिकवलेली सगळी काटेकोर पद्धत त्या पाण्याला लागली. भरतीची वेळ, पावसाची वेळ, खूण कुणी केली. त्याच नोंदींवर पुढे दादाच्या बाजूने मोठा नाला मंजूर झाला. अजून खणायचा आहे. मी वाट पाहतो आहे असे लिहीत नाही. मंजूर झाला एवढे खरे.

पुढच्या हिवाळ्यात बाईंना खाजणात उतरता आले नाही. त्या बांधावर खुर्ची टाकून बसत आणि आम्ही आत जात असू. आम्ही म्हणजे मी, दादा, आणि कधीकधी सुटी काढून तो सल्लागार मुलगा. नकाशा नव्याने आखताना मी भराव पडलेले चौकोन खोडले. तिथे आता मुरूम, वर ट्रक. तिथे काय पाहायचे? बाईंनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. आवाज चढवलेला मी कॉलेजातही ऐकला नव्हता, पण त्या दिवशी जरा चढला.

"हे चौकोन गेले म्हणून गाळलेस, तर उरलेल्यांची सरासरी दर वर्षी चांगलीच दिसेल. सगळं खाजण भरलं आणि एकच चौकोन राहिला, त्यात बाऊल असलं, तर तुझा कागद म्हणेल, शंभर टक्के. भरलेल्या चौकोनातसुद्धा दर वर्षी जायचं. तिथे उभं राहायचं. बघायचं. आणि मग लिहायचं."

"पण बाई, तिथे काही नसणार हे माहीत आहे."

"मग लवकर होईल काम," त्या म्हणाल्या आणि पेन्सिल परत दिली.

बाई गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. घरातच पडल्या, कंबर मोडली, आणि त्यातून उठल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो की त्या खाजणाचे विचारत नसत. माझ्या नोकरीचे, हिच्या तब्येतीचे, तुळिंजला पाणी येते का ते विचारत. त्यांच्या तेराव्याला दादा दुपारचा आला, बाहेर ओट्याच्या पायरीवर बसला आणि संध्याकाळी कुणाचा निरोप न घेता गेला.

मी फार उत्साही माणूस नाही. हिवाळा आला की मला आधी थकवाच येतो. रजा मागा, कॅमेरे तपासा, गमबूट शोधा, हिचे बोलणे ऐका. दर वर्षी वाटते, यंदा राहू दे. तरी जातो. परवा भरावावरच्या चौकोनात गेलो तर नेमक्या जागी एक लांबलचक ट्रक उभा. पहारेकरी आला. "साहब, इधर क्या देख रहे हो?" मी म्हणालो, मांजर. तो माझ्याकडे पाहू लागला, मग ट्रककडे. "इधर बिल्ली कहाँ से आएगी?" त्याचे म्हणणे बरोबरच होते. ऊन चढले होते, मुरमाची धूळ डोळ्यांत जात होती. ट्रकच्या बाजूला उभे राहून पाहिले तरी चालेल, कुणाला कळणार आहे, असे म्हणून मी पेन काढले.

तेवढ्यात मागून दत्तूदादा आला. गोदामाच्या भिंतीपलीकडे त्याचे शेत. पाणी साचून आता अर्धे पडीकच आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, पेनाकडे पाहिले, आणि सरळ ट्रकच्या दारावर थाप मारली. ड्रायव्हर झोपेतून डोके बाहेर काढून म्हणाला, "क्या हुआ?"

"गाडी मागं घे भावा," दादा म्हणाला. "आमची मोजनी चाललीय."